"प्रोस्टेट काढली की कायमचा डायपर": फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

व्हॉट्सॲपवर अधूनमधून एक मेसेज येतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: प्रोस्टेट कॅन्सरचं ऑपरेशन केलं की लघवीवरचा ताबा कायमचा जातो आणि वैवाहिक आयुष्य संपतं, तेव्हा ऑपरेशन टाळा. झालंच असेल तर पाणी कमी प्या, लघवी करताना धार मध्येच रोखायचा व्यायाम करा आणि पीएसए (प्रोस्टेटच्या रक्ततपासणीतला आकडा) उतरवणारा काढा सुरू करा. यातल्या भीतीमागे खरा त्रास आहे, म्हणूनच लोक तो मनापासून पुढे पाठवतात. नुकतंच ऑपरेशन झालेला माणूस मात्र यातले सल्ले पाळून स्वतःचं नुकसान करून घेतो.

"लघवीवरचा ताबा कायमचा जातो."

लघवी रोखून धरणाऱ्या झडपा दोन असतात. एक मूत्राशयाच्या तोंडाशी, दुसरी प्रोस्टेट या ग्रंथीच्या खाली. ग्रंथी काढताना वरच्या झडपेचं काम बहुतेक संपतं आणि सगळा भार खालच्या झडपेवर येतो. आजवर जोडीने केलेलं काम तिला आता एकटीने करायचं असतं. म्हणून ऑपरेशनच्या वेळी लघवीसाठी घातलेली नळी निघाल्यावर पहिले काही आठवडे गळती होते, आणि ती अपेक्षितच असते.

ब्रिटनमधल्या 'प्रोटेक्ट' चाचणीत १९९९ ते २००९ या काळात ५० ते ६९ वयाच्या १,६४३ पुरुषांची तीन गटांत विभागणी झाली: ऑपरेशन, रेडिएशन आणि नुसती देखरेख. ऑपरेशनच्या गटात सहा महिन्यांनी ४६ टक्के पुरुष पॅड वापरत होते, सहा वर्षांनी १७ टक्के. म्हणजे त्रास खरा आहे, काहींना तो राहतोही, पण 'सगळ्यांना, कायमचा' हे खोटं आहे.

सुधारणा ठरावीक क्रमाने दिसते. आधी रात्र कोरडी जाते, मग सकाळ. संध्याकाळ सगळ्यात शेवटी सुधारते, कारण दिवसभर काम करून स्नायू थकलेला असतो. संध्याकाळी पाच वाजता गळालं म्हणून सकाळची कमाई वाया गेली असं समजू नये. खरी प्रगती मोजायची तर स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घ्या. कोरड्या पॅडचं वजन लिहून ठेवा, चोवीस तासांतली भिजलेली पॅड प्लास्टिकच्या पिशवीत साठवून तोला आणि तेवढ्याच कोरड्या पॅडचं वजन वजा करा. एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिलिलिटर. दर पंधरा दिवसांनी असा एक दिवस मोजा. २५० वरून १२० वर आलेला आकडा जो धीर देतो, तो नुसत्या अंदाजाने मिळत नाही.

वर्षभर नीट व्यायाम करूनही गळती जास्तच राहिली, तर पुढचा उपाय आहे. कृत्रिम झडप बसवता येते: मूत्रमार्गाभोवती पाण्याने भरलेली पट्टी आणि अंडकोशाच्या पिशवीत छोटा पंप. पंप दाबला की पट्टी सैल पडून लघवी होते आणि दोन-तीन मिनिटांत ती आपोआप पुन्हा आवळते. गळती थोडी असेल तर जाळीच्या पट्टीचा आधार देणारं, म्हणजे स्लिंगचं ऑपरेशनही पुरतं.

"धार मध्येच रोखा."

हा सल्ला अर्धवट आहे. योग्य स्नायू कोणता हे कळण्यासाठी एखाद्या वेळी धार रोखून पाहिली तर ठीक, पण रोज तसं केलं तर मूत्राशय पूर्ण रिकामं व्हायची सवय बिघडते. व्यायाम लघवी झाल्यावर, मूत्राशय रिकामं असताना करायचा. वायू अडवताना आवळतो तो स्नायू आवळा आणि त्याच वेळी लिंग आत ओढल्यासारखं करा. आरशासमोर उभं राहिलं तर लिंगाचं मूळ आत जाताना आणि अंडकोश किंचित वर उचलताना दिसले पाहिजेत. पोट, मांड्या किंवा ढुंगण ताठ होत असेल, श्वास कोंडला जात असेल, तर चुकीचा स्नायू काम करतोय. सुरुवातीला तीन-चार सेकंद धरा, हळूहळू दहापर्यंत न्या आणि तितकाच वेळ सैल सोडा. असं दहा वेळा, मग दहा झटपट, दिवसातून तीनदा. सैल सोडणं विसरलात तर स्नायू थकून उलट जास्त गळतं. खोकण्याआधी, खुर्चीतून उठण्याआधी, पिशवी उचलण्याआधी आवळायची सवय लावा, रोजच्या जगण्यात फरक तिथेच पडतो. शक्य असेल तर हे सगळं ऑपरेशनच्या आधीच शिकून घ्यावं. नळी आत असताना मात्र करू नये.

नळीबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. नळी साधारण एक ते दोन आठवडे असते आणि मूत्राशय-मूत्रमार्गाचा नवा जोड तिच्याभोवती भरत असतो. गुलाबीसर लघवी, नळीच्या कडेने थोडी गळती, मधूनच कळ हे चालतं. पण दोन-तीन तास पिशवीत काहीच आलं नाही आणि ओटीपोट फुगलं, तर ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना कळवून थेट त्यांच्याकडेच जा. जवळच्या दवाखान्यात 'बदलून' घेऊ नका. आंधळेपणाने घातलेली नवी नळी तो जोड फाडू शकते. याच कारणाने या काळात एनिमा किंवा गुदद्वारातली औषधी कांडीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. शौचाला कुंथावं लागू नये म्हणून इसबगोल किंवा डॉक्टरांनी दिलेलं सौम्य रेचक घ्या. पाण्याने भरलेली बादली पंधरा किलोच्या घरात जाते. सहा आठवडे ती दुसऱ्या कुणीतरी उचलावी.

"पाणी कमी प्या."

पाणी कमी केलं की लघवी घट्ट होते, मूत्राशय चिडतं आणि घाई आणखी वाढते. दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी प्या, झोपण्याआधीच्या दोन तासांत कमी प्या. काही कमी करायचंच असेल तर चहा कमी करा. आणखी एक: गळती अचानक वाढली आणि धारही बारीक झाली, तर जोडाच्या जागी मार्ग अरुंद झालेला असू शकतो. तिथे व्यायाम उपयोगाचा नाही, डॉक्टरच हवेत.

"वैवाहिक आयुष्य संपतं."

ताठरतेच्या नसा ग्रंथीला दोन्ही बाजूंनी चिकटून जातात. त्या वाचवल्या तरी दुखावतात आणि सावरायला दोन वर्षंसुद्धा लागतात. इथे खोटा दिलासा देणार नाही: प्रोटेक्ट चाचणीत समागमाइतकी ताठरता ऑपरेशनच्या गटात सहा वर्षांनी १७ टक्क्यांनाच होती. पण नुसत्या देखरेखीच्या गटातही ती ३० टक्क्यांनाच होती, कारण वयही वाढतं आणि त्यातल्या अनेकांना पुढे उपचार घ्यावे लागले. गोळी, व्हॅक्यूम पंप, लिंगात घ्यायचं इंजेक्शन असे उपाय आहेत. छातीत दुखल्यावर जिभेखालची सॉर्बिट्रेट घेणाऱ्यांनी सिल्डेनाफिल ही ताठरतेची गोळी अजिबात घेऊ नये, रक्तदाब धोकादायक उतरतो. वीर्य येत नाही, पण सुखाची जाणीव राहते, हे नवरा-बायको दोघांनाही आधी सांगायला हवं.

"काढ्याने पीएसए उतरतो."

उतरलेला आकडा म्हणजे बरा झालेला आजार नव्हे. अमेरिकेत 'पीसी-स्पेस' नावाच्या आठ वनस्पतींच्या कॅप्सूलने पीएसए खरोखर उतरत असे. २००२ मध्ये ती बाजारातून काढली गेली, कारण तपासणीत तिच्यात कृत्रिम इस्ट्रोजेन आणि रक्त पातळ करणारं वॉरफरीन सापडलं. ऑपरेशननंतर पहिला पीएसए सहा ते आठ आठवड्यांनी, नंतर डॉक्टर सांगतील तसा, पण एकाच लॅबमध्ये करा. सलग दोनदा ०.२ किंवा जास्त आला तर आजार परतल्याचं धरतात. रेडिएशन झालेल्यांनी हा नियम लावून घाबरू नये: ग्रंथी आतच असते, म्हणून तिथे सगळ्यात खालच्या आकड्यापेक्षा २ ने वाढ धरतात.

"ऑपरेशन टाळा."

काहींसाठी हे बरोबर आहे. प्रोटेक्ट चाचणीत पंधरा वर्षांनी तिन्ही गटांत प्रोस्टेट कॅन्सरने दगावलेले साधारण तीन टक्केच होते. पण ते सगळे लवकर सापडलेले, ग्रंथीपुरते मर्यादित कॅन्सर होते. ग्लीसन (बायोप्सीत कॅन्सर किती आक्रमक दिसतो त्याचा आकडा) ६ असेल तर देखरेख हा भक्कम पर्याय आहे. देखरेख म्हणजे दर सहा महिन्यांनी पीएसए, ठरलेल्या वेळी एमआरआय आणि पुन्हा बायोप्सी. ग्लीसन ७ कडे सरकला, तर उपचाराबद्दल डॉक्टरांशी नव्याने बोलायचं. ग्लीसन ८ च्या माणसाने हाच मेसेज वाचून तारखा चुकवल्या, तर आजार ग्रंथीबाहेर, हाडांपर्यंत जाऊ शकतो.