अकरा मिनिटांचा हिशेब

गेल्या रविवारी सकाळी पावणेबाराच्या सुमारास, नाशिकच्या एका भरगच्च सभागृहात, ध्वनिक्षेपकावरून, मी झोपलो होतो हे जाहीर करण्यात आले. ज्या गृहस्थांनी ते जाहीर केले त्यांच्याविषयी आज चार दिवसांनंतरही माझ्या मनात जे काही आहे, त्याला राग म्हणावे की आदर, हे मला ठरवता आलेले नाही. रागाचे प्रमाण किंचित अधिक आहे, एवढे आधीच सांगून टाकतो.

आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला जायचे म्हणजे गळ्यात प्रवेशिका अडकवायची, रांगेत उभे राहायचे आणि तुमचा जो चित्रपट हुकला तोच कसा सर्वोत्तम होता हे रांगेतल्या अनोळखी माणसाकडून ऐकून घ्यायचे, हे सर्वांना ठाऊक आहे. ते मी सोडून देतो. शनिवारी दुपारी मी आत शिरलो तेव्हा निम्म्या खुर्च्यांवर माणसे होती आणि उरलेल्या निम्म्यांवर रुमाल, वर्तमानपत्रे, चष्म्याची घरे आणि एका खुर्चीवर तर कोथिंबिरीची जुडी होती. सातव्या रांगेत, घडी घातलेल्या पांढऱ्या रुमालाशेजारी, स्वेटर आणि कानटोपी घातलेले सत्तरीचे एक काका बसले होते. मी रुमालाकडे पाहिले, त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि रुमाल उचलून खिशात घातला.

"बसा. माणूस कुणी येणार नाही. रुमाल मी नेहमी टाकतो, म्हणजे शेजारी कोण बसणार हे आपल्या हातात राहते."

बसल्यावर त्यांनी मला एका वाक्यात स्वतःची ओळख करून दिली : "मी प्रेसमध्ये होतो."

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगायला हवे, की नाशिकमध्ये असे म्हणणारा माणूस सहसा पत्रकार नसतो. आमच्याकडे प्रेस म्हणजे नाशिकरोडचा सरकारी छापखाना, जिथे १९२८ पासून नोटा छापल्या जातात, आणि त्या प्रेसमध्ये नोकरी असलेल्या मुलाला एके काळी पत्रिका न पाहता मुली सांगून येत असत. काका तिथे छापून आलेले ताव तपासायला होते. चौतीस वर्षे त्यांनी शाईचा ठिपका, सरकलेली रेघ आणि पुसट आकडा यांखेरीज दुसरे काही पाहिले नाही, आणि निवृत्तीनंतर ही नजर कुठे वापरावी या विवंचनेत असताना त्यांना चित्रपट महोत्सवाचा शोध लागला.

"चित्रपट म्हणजे तरी काय? सेकंदाला चोवीस चित्रे," ते म्हणाले. "ताव मोजायचे आणि दोष काढायचे."

त्यांच्या मांडीवर दोनशे पानी वही होती. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले चार रकाने होते : वेळ, दृश्य, दोष, शेरा. आदल्या दिवशीच्या तीन चित्रपटांची पाने भरलेली होती आणि मी सहज डोकावलो तर एका ओळीत "५२ मि. – नायिका, चहा, कप डावा हात – पुढे उजवा" असे लिहिले होते. शेऱ्याच्या रकान्यात "अक्षम्य" असा शब्द होता. चित्रपटाचे नाव, देश, दिग्दर्शक यांपैकी पानावर काहीही नव्हते. मी विचारले, तर म्हणाले, "नोट कुणाच्या खिशात जाणार याची चौकशी आम्ही कधी केली नाही."

त्या दुपारी 'फ्लो' होता. लाटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिसचा हा २०२४ सालचा ॲनिमेशनपट, ज्याला त्या वर्षीचे ऑस्कर मिळाले आणि जो 'ब्लेंडर' नावाच्या, कुणालाही फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर तयार झाला. त्यात एकही संवाद नाही. एक काळे मांजर आहे, महापूर आहे, आणि एका होडीत मांजराबरोबर कुत्रा, कॅपिबारा, लेमूर आणि लांब पायांचा एक पक्षी आहे. ही जनावरे माणसांसारखी बोलत नाहीत, नाचत नाहीत, उपदेश करत नाहीत. मांजर शेवटपर्यंत मांजरच राहते, आणि एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्या दिग्दर्शकाचा कायमचा ऋणी आहे. पाणी चढत जाते तसे मांजर एका प्रचंड मार्जारपुतळ्यावर चढते, पाणी पुतळ्याच्या मानेशी येते, मग कानांशी येते, आणि मांजराला उभे राहायला कानाच्या टोकाएवढीच जागा उरते. माझा श्वास खरोखर अडकला होता. त्या क्षणी सभागृहात आठ-दहा ठिकाणांहून एकाच वेळी एकच कुजबूज उठली :

"दुतोंड्या!"

गोदावरीला पूर आला की नाशिककर सरकारी आकडा विचारत नाही. पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले की गळ्याशी आले, एवढेच विचारतो आणि त्यावरून दुकानातला माल हलवायचा की नाही ते ठरवतो. लाटव्हियाच्या तरुणाने न पाहिलेल्या आमच्या मारुतीचे इतके अचूक चित्र काढावे, याचे मला भरून आले. मी काकांकडे वळलो. त्यांच्या वहीत नोंद होती : "पाणी – कानापर्यंत. गंगापूर धरणातून सोडलेले दिसते." दोषाचा रकाना मात्र कोरा होता, कारण मांजर कोणत्या हाताने काय धरते हे तपासायची सोयच नव्हती, आणि त्यामुळे ते चित्रपट संपेपर्यंत अस्वस्थ होते.

रविवारी सकाळी साडेनऊला 'परफेक्ट डेज'. त्याआधी मी मिसळ खाल्ली. थंडीच्या दिवसांत, सकाळी आठला, तर्री मागून घेऊन, वर दोन जादा पाव घेऊन खाल्लेल्या मिसळीचा आणि पुढील घटनेचा संबंध आहे असे माझ्या पत्नीचे म्हणणे आहे. मी तो पूर्णपणे नाकारत नाही. काकांनी रुमाल टाकून माझी जागा धरून ठेवली होती. त्या वेळी मला हा जिव्हाळा वाटला.

जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्सचा हा जपानी चित्रपट २०२३ मध्ये कान महोत्सवात आला आणि त्यातल्या कोजी याकुशो यांना तिथे सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. टोकियोतली सार्वजनिक स्वच्छतागृहे साफ करणाऱ्या एका माणसाचे रोजचे दिवस, एवढीच गोष्ट आहे. तो पहाटे उठतो, अंथरुणाची घडी घालतो, रोपट्यांना पाणी घालतो, दाराबाहेर येऊन आकाशाकडे पाहतो, यंत्रातून कॉफीचा डबा घेतो, गाडीत जुनी कॅसेट लावतो आणि कामाला लागतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हा माणूस भांड्याच्या कडेखाली राहिलेला डाग दिसावा म्हणून खाली छोटा आरसा धरतो, ते दृश्य आले तेव्हा काकांनी माझ्या दंडावर इतक्या जोरात थाप मारली की पुढच्या रांगेतल्या बाई मागे वळल्या.

"याला म्हणतात तपासणी!" ते म्हणाले, आणि माझ्या माहितीप्रमाणे प्रथमच त्यांनी पेनाला टोपण लावले.

आता माझी बाजू. या चित्रपटात नायक रोज रात्री पुस्तक वाचतो, दिवा मालवतो आणि झोपतो. तो झोपला की पडद्यावर कृष्णधवल सावल्या हलू लागतात, कारण ती त्याची स्वप्ने असतात. ज्या चित्रपटात नायक प्रेक्षकांदेखत पुन्हा पुन्हा झोपतो, त्या चित्रपटात एखाद्या रात्री प्रेक्षकही त्याच्याबरोबर आडवा झाला, तर त्याला तादात्म्य म्हणतात. दिवा मालवला गेला हे मला आठवते. सावल्या दिसल्या हेही आठवते. पुढच्या सावल्या वेंडर्सच्या होत्या की माझ्या, एवढाच काय तो संभ्रम आहे.

मात्र शेवट मी पूर्ण जागेपणी पाहिला. नायक गाडी चालवतो आहे, कॅमेरा फक्त त्याच्या चेहऱ्यावर आहे, आणि तो माणूस एकाच वेळी हसतो आणि रडतो. कशासाठी, ते कुणी सांगत नाही. मला स्वतःला गेल्या कित्येक वर्षांत इतका वेळ कुणाच्या चेहऱ्याकडे पाहिल्याचे स्मरत नाही. अशा वेळी माणसाला पाच मिनिटे अंधारात बसू द्यावे की नाही? परंतु नामावली सुरू होताच दिवे भसकन लागले, निम्मे सभागृह पुढच्या खेळाच्या रांगेसाठी दाराकडे धावले, आणि व्यासपीठावर खुल्या चर्चेसाठी खुर्च्या मांडल्या गेल्या. चर्चा चालवणारा तरुण उत्साही होता. त्याने पहिल्या तीन मिनिटांत 'अवकाश' हा शब्द सहा वेळा वापरला, आणि मग प्रश्न मागवले.

काका उठले. कानटोपी काढली. ध्वनिक्षेपक हातात घेऊन त्यावर दोन टिचक्या मारल्या.

"माझा प्रश्न दिग्दर्शकाला आहे. पण ते जर्मनीचे, तेव्हा तुम्हीच उत्तर द्या. दोन तास चार मिनिटांच्या या चित्रपटात एक लाख अठ्ठ्याहत्तर हजार पाचशे साठ चित्रे आहेत. त्यात मला दोष सापडला नाही. परंतु माझ्या डाव्या हाताचे हे साहेब," इथे त्यांनी हाताने मला दाखवले, आणि कुणाचा गैरसमज राहू नये म्हणून माझ्या खांद्यावर हात ठेवला, "हे अकरा मिनिटे झोपले होते. म्हणजे यांची पंधरा हजार आठशे चाळीस चित्रे वाया गेली. माल निर्दोष असताना गिऱ्हाईक झोपते, तर दोष कुणाच्या खाती लावायचा?"

सभागृह हसले. मी उभा राहून खुलासा करणार होतो, की मी डोळे मिटून ध्वनी ऐकत होतो. पण उभे राहिल्यावर माझ्या शालीची घडी मोडलेली आणि गालावर खुर्चीच्या कापडाची वीण उमटलेली सर्वांना दिसली असती. तरुणाने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "झोप हासुद्धा एक प्रतिसादच आहे." त्यावर टाळ्या पडल्या. एवढ्या टाळ्या चित्रपटालाही पडल्या नव्हत्या. मी घरी पोहोचण्याआधी ही बातमी पत्नीच्या भिशीतल्या कुणीतरी घरी पोहोचवली होती, आणि दार उघडताना तिने फक्त एवढेच विचारले, "झाली का अहो झोप?"

मला खरा राग कशाचा आला, ते सांगतो. दिवसाला चार चित्रपट कोंबायचे, दोन चित्रपटांच्या मध्ये चहासुद्धा धड पिता येणार नाही इतकाच वेळ ठेवायचा, आणि मग माणसाला झोप लागली की हसायचे. श्राद्धाच्या दिवशी तरी माणूस एवढे जेवतो का? वर्षाचे उरलेले दिवस यांतला एकही चित्रपट मला माझ्या घराजवळ, संध्याकाळी, जेवण करून, पाय मोकळे करत जाऊन पाहता येत नाही. लागलाच तर आठवडाभर, भलत्याच वेळी, आणि आपण जाऊ म्हणेपर्यंत गेलेला असतो. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरला जन्मले, 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये काढल्यावर त्यांनी आपला संसार आणि कंपनी नाशिकला आणली, आणि १९४४ मध्ये याच गावी त्यांचा शेवट झाला. पांडवलेण्याच्या पायथ्याला आपण त्यांचे स्मारक बांधले. सहली जातात. चित्रपट पाहायला मात्र आपण वर्षातून एकदा, गळ्यात दोरी अडकवून जातो.

हे सगळे मी संध्याकाळच्या रांगेत काकांना तावातावाने ऐकवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "फाळकेही आधी प्रेसमध्येच होते."

हे दुर्दैवाने खरे आहे. चित्रपटाकडे वळण्याआधी फाळक्यांचा व्यवसाय छपाईचाच होता. माझ्याकडे उत्तर नव्हते.

संध्याकाळी 'साबर बोंडं' होता, रोहन कानवडे यांचा, २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागातले ज्युरींचे सर्वोच्च पारितोषिक मिळवणारा मराठी चित्रपट. वडील गेल्यामुळे मुंबईतला तिशीचा मुलगा दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो, नातेवाईक त्याच्या लग्नाचा विषय काढत राहतात, आणि त्याला मात्र बालमित्राच्या सोबतीत, शेळ्यांमागे फिरताना, रडायला आणि प्रेम करायला जागा मिळते. कॅमेरा घाई करत नाही. कुणी कुणाला समजावून सांगत नाही. दोन दिवसांत पाहिलेल्या चित्रपटांत मला हा सर्वांत जवळचा वाटला, आणि तो कसा होता हे मला कुणी विचारलेले नाही, कारण भेटेल तो मला झोपेविषयीच विचारतो. मी या वेळी पापणीसुद्धा हलू दिली नाही. काका बोटांवर सुतकाचे दिवस मोजत होते. दहा भरले तेव्हा त्यांनी मान हलवली आणि बराच वेळ वहीला हात लावला नाही.

बाहेर टपरीवर चहा घेताना मी त्यांची वही मागितली. त्यांनी कुरकुर न करता दिली. 'परफेक्ट डेज'च्या पानावर तीन रकाने स्वच्छ होते आणि खाली, सुबक अक्षरात, एकच ओळ होती : "एकूण दोष – १ (आसन क्र. जी १४)."

"काका," मी म्हणालो, "अकरा नव्हे. फार तर सात मिनिटे."

त्यांनी चहाचा ग्लास कठड्यावर ठेवला, पेनाचे टोपण काढले आणि विचारले, "साक्षीदार?"