‘कास्तकार’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : साडेतीनशेची ग्रीस गन आणि दलालीचा आरोप

टिकाऊ ग्रीस गन (यंत्राच्या सांध्यावरच्या निपल नावाच्या छोट्या तोंडातून दाबानं ग्रीस भरायचं हत्यार) कशी निवडावी, यावर मी मागे लिहिलं होतं. त्याखाली ‘कास्तकार’ या नावानं एक प्रतिक्रिया आली आहे. उत्तर त्या चौकटीत मावणार नाही म्हणून इथं वेगळं लिहितोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी जशीच्या तशी देतो :

“दोन हजाराची गन घ्या म्हणता. आमच्याकडं साडेतीनशेला मिळती, वर्षभर चालती, मोडली की फेकायची अन् दुसरी आणायची. मोंढ्यातल्या दुकानदाराची दलाली करता का काय? का कधी स्वतःच्या हातानं निपलला गन लावलीच नाही? चारशे बार दाब वगैरे आकडे तर फुगवलेलेच वाटतात. अन् ते कार्ट्रिज आमच्या तालुक्यात कुणी पाहिलंसुद्धा नाही, त्याच्यावर अर्धा लेख खर्ची घातला.”

कास्तकारदादा, तुमचं वय मला माहीत नाही, म्हणून दादाच म्हणतो. आधी कार्ट्रिजचं बोलू, कारण तिथं तुमचं म्हणणं रास्त आहे. चारशे ग्रॅमचं तयार नळकांडं गनमध्ये सारायचं, ही पद्धत आपल्या तालुक्यांत रुळलेली नाही. आपण बादलीतलं सुटं ग्रीस भरतो, त्यामुळं त्यावरचा मजकूर आटोपता घेता आला असता. अर्धा लेख मात्र नव्हता, दोनच परिच्छेद होते. ते असो.

आता ‘दलाली’. हा शब्द तुम्ही सहज लिहून गेलात. मोंढ्याच्या मुलखात वाढलेल्या माणसाला तो कसा लागतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुम्हीही इकडचेच दिसता. आडतीवर ज्याच्या बापाच्या कापसाचा भाव पडलाय, त्याला दलाल म्हणताना माणसानं जरा थांबावं. त्या लेखात मी एकाही दुकानाचं नाव घेतलेलं नाही. उलट महागड्या गनांबद्दलच जास्त सावध केलं होतं : चकचकीत क्रोमच्या मुलाम्यावर जाऊ नका, हँडलवरच्या रबरी मुठीला भुलू नका, हेड, म्हणजे दाब तयार करणारा पुढचा भाग, उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. कोणता दलाल गिऱ्हाइकाला दुकानात माल उघडून बघायला सांगतो? मतभेद असतील तर मांडा. माझ्या हेतूवर बोलायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

आणि ‘स्वतःच्या हातानं निपलला गन लावलीच नाही’ हे वाक्य. याचं उत्तर मी सविस्तर देणार आहे. ते वाचून राग आला तर यावा.

माझे वडील मानवतला एका जिनिंगमध्ये फिटर होते. दिवाळीच्या पुढं कापूस यायला लागला की घरी ते फक्त झोपायला येत. जिनिंगमध्ये बेअरिंगला ग्रीस मारणं हे वरवरचं काम नसतं. हवेत सगळीकडं रुईचे तंतू उडत असतात आणि जिथं ग्रीस सांडलेलं असतं तिथं चिकटून बसतात. एखादं बेअरिंग कोरडं पडून तापलं तर त्या तंतूंनाच आग लागते आणि कापसाच्या ढिगापर्यंत जायला तिला वेळ लागत नाही. म्हणून वडील फेरी मारताना प्रत्येक हाउसिंगला पालथा हात लावून बघत. मी शाळा सुटली की डबा घेऊन जायचो आणि त्यांच्या मागं मागं हिंडायचो. फडकं माझ्या हातात असायचं, कारण त्यांचा पहिला नियम होता : गन लावण्याआधी निपल पुसायचं. निपलच्या तोंडात एक बारीक छर्रा असतो, मागून स्प्रिंगनं दाबलेला. त्याच्यावर माती असली तर ग्रीसच्या आधी ती माती बेअरिंगमध्ये जाते. आपल्या काळ्या मातीत राबणाऱ्या रोटाव्हेटरला हे किती लागू आहे, ते तुम्ही स्वतःच ठरवा.

वडिलांच्या गनचं हेड ओतीव लोखंडाचं होतं आणि बॅरल, म्हणजे ग्रीस साठायचं नळकांडं, जाड पत्र्याची. ती उचलायला मला दोन्ही हात लागायचे. त्या गनचे कपलर, म्हणजे निपलला पकडणारी तोंडं, बदलले, मागच्या दांडीवरचं वायसर बदललं, रबरी नळीही बदलली. पण हेड तेच राहिलं. चांगली गन म्हणजे काय, हे मला कुठल्या जाहिरातीतून कळलेलं नाही, तिथं कळलंय. सगळं हेडमध्ये असतं. हेडमधल्या भोकात प्लंजर, म्हणजे ग्रीस पुढं ढकलणारा दट्ट्या, किती नेमका बसतो, यावर दाब तयार होतो. तिथं रबरी सील नसतं, घासून-घोटून बसवलेलं पोलाद असतं. प्लंजरला आणि भोकाला एकमेकांच्या मापानं घासलेलं असेल तर ग्रीस पुढंच जातं. ढिलं असेल तर ते बाजूनं मागं परततं आणि दांडा चालवणाऱ्याला वाटतं की आपण ग्रीस मारतोय. प्लंजरपुढं आणखी एक छर्रा असतो, एकदा पुढं गेलेलं ग्रीस परत येऊ न देणारा. स्वस्त गनमध्ये या दोन जागी पैसा वाचवलेला असतो, आणि या दोन्ही जागा बाहेरून दिसत नाहीत.

आज आमच्या घरी ट्रॅक्टर आहे. रोटाव्हेटर आणि हडंबा (मळणी यंत्र) भाड्यानं चालतात, त्यावर घर चालतं. मागं एका सोयाबीनच्या हंगामात, पाऊस उघडल्यावर सगळ्यांची मळणी एकदमच आली असताना, हडंब्याच्या ड्रमचं बेअरिंग जाम झालं. ड्रायव्हर शपथेवर सांगत होता की रोज संध्याकाळी ग्रीस मारलंय. तो खोटं बोलत नव्हता. निपलच्या भोवती ग्रीसचा गोळा साचलेला होता. हाउसिंग उघडलं तर आत जुनं वाळलेलं काळं खापर, नवीन ग्रीसचा एक थेंबही नाही. त्याच्याकडची गन तुम्ही म्हणता त्याच भावातली होती, आणि मोडलेली नव्हती. दांडा चालत होता, तोंडातून ग्रीस येत होतं. निपल जरा अडलं की मात्र सगळं ग्रीस कपलरच्या बाजूनं बाहेर यायचं, कारण त्याचे जबडे मऊ लोखंडाचे होते आणि फाकले होते. ज्याची मळणी थांबली त्या माणसाचं ताडपत्रीखालचं सोयाबीन, वर पुन्हा भरून आलेलं आभाळ, आणि बेअरिंग आणायला परभणीला पळणारा मी. तुम्ही म्हणता ‘मोडली की फेकायची’. दादा, ती गन मोडलीच नव्हती! मोडली असती तर कळलं असतं. स्वस्त गन काम करायचं थांबते तेव्हा आवाज करत नाही, हे तर मी त्या लेखात लिहिलं होतं. तुम्ही किंमत वाचलीत आणि पुढचं सोडून दिलंत.

म्हणून गनची किंमत गनशी ताडून बघू नका. ज्या बेअरिंगला, शाफ्टच्या सांध्यातल्या ज्या क्रॉसला, पुढचं चाक जिच्यावर वळतं त्या किंग पिनला ती पोसते त्याच्याशी ताडून बघा, आणि हंगामातल्या बुडालेल्या दिवसाशी. ज्याच्याकडं नुसती एक ट्रॉली आहे आणि महिन्यातून चार निपलांना ग्रीस लागतं, त्यानं साडेतीनशेची खुशाल घ्यावी. माझं काही म्हणणं नाही.

आकडे फुगवलेले म्हणता, तर हिशेब घ्या. ४०० बार म्हणजे ढोबळमानानं दर चौरस सेंटीमीटरला ४०० किलो. समजा प्लंजर ८ मिलिमीटर व्यासाचा आहे. त्याचं तोंड होतं अर्धा चौरस सेंटीमीटर. म्हणजे त्याच्यावर जोर हवा साधारण २०० किलोचा. दांडा जिथं फिरतो तिथून प्लंजरचं अंतर एक धरलं आणि मुठीचं बारा, तर हाताला लागतात १७ किलोच्या आसपास. एवढा जोर आपल्या घरातली बाईमाणसंसुद्धा रोज हापशावर लावतात. यात फुगवण्यासारखं काय आहे? जर्मनीत दांड्याच्या ग्रीस गनसाठी डीआयएन १२८३ असं मानक ठरलेलं आहे, आणि आपल्या ट्रॅक्टरवरच्या निमुळत्या डोक्याच्या निपलाचं मापही डीआयएन ७१४१२ मध्ये दिलेलं आहे. त्या जातीचं निपल ऑस्कर झर्क या ऑस्ट्रियात जन्मलेल्या माणसानं १९२० च्या दशकात पुढं आणलं. तुमच्या ट्रॉलीच्या हबवर आज तेच बसलेलं आहे. एवढा दाब रोज लागत नाही, हे मलाही मान्य आहे. चालू निपल फार कमी दाबात ग्रीस घेतं. दाब लागतो तो पावसाळाभर उभ्या राहिलेल्या, चिखल सुकून बसलेल्या निपलाला, आणि तेच निपल पुढं नुकसान करतं.

दाबाची एक बाजू मला त्या लेखात आणखी ठळक लिहायची होती. बरं झालं, तुमच्यामुळं आता लिहितो. रबरी नळी नेहमी हेडपेक्षा जास्त दाब सोसणारी हवी. स्वस्त गनबरोबर येणारी नळी पाण्याच्या पाइपासारखी मऊ असते. कपलर निपलवर धरून ठेवायला माणूस एका हातानं तीच नळी आवळतो. तिला सुईएवढं भोक पडलं तर ग्रीस कातडी फोडून बोटात शिरतं. वरून टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, आणि माणूस फडकं गुंडाळून कामाला लागतो. आतमध्ये मात्र ते पसरत जातं आणि बोट सडवतं. अशा वेळी लगेच, त्याच दिवशी, शस्त्रक्रिया होणाऱ्या दवाखान्यात जायचं आणि डॉक्टरला ‘दाबाखालचं ग्रीस शिरलंय’ असंच सांगायचं. नळी कधीही उघड्या हातानं आवळून धरू नका. कपलर धरा, नाहीतर सरळ लोखंडी पाइप लावा. हे लिहिणारा माणूस दलाल असेल, तर असू द्या.

राहिली तुमची ‘वर्षभर चालती’. कुठलीही गन वर्षभर चालते की नाही हे पुष्कळदा वापरणाऱ्यावर असतं. ग्रीस हातानं थापून भरलं तर मधे हवा राहते, मग गन ‘धरत’ नाही आणि आपण गनला शिव्या घालतो. बॅरलचं उघडं तोंड ग्रीसमध्ये बुडवून मागची दांडी सावकाश ओढली तर ते आत सलग येतं. तरी हवा राहिलीच तर हेड एक आटा ढिलं करून दोन-चार दाब मारायचे, हवा निघते. बहुतेक चांगल्या गनला हवा सोडायला वेगळी घुंडीच असते. काम झाल्यावर दांडी मागं ओढून अडकवून ठेवायची. नाहीतर आतली स्प्रिंग रात्रंदिवस ग्रीस दाबत राहते, आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये त्यातलं तेल सुटून खाली गळतं. मागं राहतो तो ग्रीस घट्ट करणारा नुसता साबण. बॅरलला पोचा पडू द्यायचा नाही, पडला तर आतली चकती तिथंच अडते. हे सगळं साडेतीनशेच्या गनलाही लागू आहे.

तरीही तुम्हाला वाटत असेल की मी हवेत बोलतोय, तर कुठल्याही लेथवाल्याकडं जा. लोखंडाच्या तुकड्यात आरपार न जाणारं भोक पाडून घ्या, त्यात आटे पाडा आणि निपल बसवा. ग्रीसला पुढं जायला वाट नाही असं ते निपल. असा तुकडा मी गन घ्यायला जाताना बरोबर नेतो. तुमच्या गनला सरळ पाइप लावा, नळी नको, आणि कपलर त्या निपलवर बसवा. दांडा दाबा आणि दाबूनच धरा. चांगल्या गनचा दांडा ताठ होतो आणि तिथंच राहतो. सावकाश खाली बसत गेला तर ग्रीस प्लंजरच्या बाजूनं मागं पळतंय. कपलरच्या कडेनं वेटोळं बाहेर आलं तर जबडे गेलेत. तेवढंच असेल तर फक्त कपलर बदला, गन टाकू नका. कपलर वेगळा मिळतो, आटे तेवढे जुळवून घ्या. जो दुकानदार ग्रीस भरून हे करू देत नाही, त्याच्याकडून साडेतीनशेचीही घेऊ नका आणि दोन हजाराचीही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. हा प्रयोग केलात तर काय झालं ते तिच्याच खाली लिहा. तुमच्या गनचा दांडा ताठ राहिला तरी ते तसंच छापीन. पण मी नावानिशी लिहितो आणि तुम्ही टोपणनावानं, त्यामुळं ‘दलाली’ हा शब्द पुन्हा आला तर मात्र ती प्रतिक्रिया इथं दिसणार नाही.