'ठाण्यात आशाताईचं काय काम?' या फॉरवर्डला उत्तर

सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारा मेसेज थोडक्यात असा: बाळंतपण हॉस्पिटलात झालं, बालरोगतज्ज्ञ हाताशी आहे, मग आशाताई, म्हणजे सरकारी योजनेतली आरोग्य कार्यकर्ती, घरी येऊन करणार काय? ती डॉक्टर थोडीच आहे? नुसत्या गप्पा आणि खेळ. फॉर्म भरणार आणि पैसे घेणार. घरभेटी खेड्यापाड्यांसाठी ठीक, ठाणे-नवी मुंबईत कशाला?

'हॉस्पिटलात झालं, म्हणजे झालं.' नाही. साध्या बाळंतपणात दोनेक दिवसांत घरी सोडतात. त्यानंतर बऱ्याच जणींची ठरलेली फेरी थेट दीड महिन्यांनी, लसीची. अडचणी येतात त्या नेमक्या मधल्या दिवसांत. तिसऱ्या दिवसाच्या आसपास दूध दाटून स्तन दगडासारखे होतात, बाळाला तोंडात नीट धरता येत नाही, ते रडतं, आणि 'दूध पुरत नाही' म्हणून घरातलं कुणीतरी पावडरचा डबा घेऊन येतं. काविळीचा जोरही साधारण 3 ते 5 दिवसांत असतो. म्हणूनच सरकारी योजनेत नवजात बाळांच्या घरभेटी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी ठरवल्या आहेत. बाळंतपण घरी झालं तर पहिल्या दिवसाची एक जास्त.

'ती डॉक्टर थोडीच आहे?' नाहीच, आणि ती उपचार करायला येतही नाही. ती हात धुते, वजनकाट्याला झोळी अडकवून काटा आधी शून्यावर आणते (हे राहिलं तर झोळीचं वजनही बाळाच्या नावावर जमा होतं) आणि मग बाळाला झोळीत ठेवते. 2.8 किलोचं बाळ पहिल्या काही दिवसांत 280 ग्रॅमपर्यंत उतरलं तर बहुधा चालतं. त्याहून जास्त उतरलं, तर पाजण्यात काहीतरी चुकतंय. काखेतलं तापमान 36.5 ते 37.5 अंश सेल्सियस हवं. श्वास मोजायचा तो बाळ शांत असताना, पोट उघडं ठेवून, पूर्ण एक मिनिट. 15 सेकंद मोजून चारने गुणणं ही नेहमीची चूक, कारण नवजात बाळाचा श्वास मध्येच थबकतो, मध्येच घाईने चालतो. 60 किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजायचे. दुसऱ्यांदाही तेच आलं, छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर लगेच दवाखाना. नाळेला हळद-तेल काही नाही, कोरडी ठेवायची. आईचा ताप, रक्तस्राव, दुर्गंधी आणि उतरलेलं मन हेही तिनेच विचारायचं असतं.

पैशांचं म्हणाल, तर योजनेत ठरला तो मोबदला सगळ्या भेटी मिळून 250 रुपये. एका भेटीचे नव्हेत.

'खेड्यासाठी ठीक.' हा मुद्दा जरा गंभीरपणे घ्यायला हवा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या प्रयोगात गावातल्याच प्रशिक्षित बायांनी घरोघर जाऊन नवजात मृत्यूदर 62 टक्क्यांनी खाली आणला. तो आकडा उचलून ठाण्याला चिकटवता येत नाही. तिथे जवळ डॉक्टरच नव्हता. इंग्लंडमध्ये किशोरवयीन मातांसाठी नर्सच्या खास घरभेटींची चाचणी झाली, 2016 मध्ये निकाल आला, आणि मुख्य निकषांवर फायदा दिसला नाही. मेसेजवाल्यांना हे सापडलं तर ते नाचवतील. पण तिथे तुलनेतल्या दुसऱ्या गटालाही सुईण आणि आरोग्यसेविका नेहमीप्रमाणे घरी भेटतच होत्या. आपल्याकडे दुसऱ्या गटाला काय मिळतं? गुगल आणि शेजारच्या काकू.

'नुसत्या गप्पा आणि खेळ.' जमैकातल्या किंग्स्टनमध्ये 1986-87 साली खुंटलेल्या वाढीच्या 129 मुलांचा अभ्यास सुरू झाला. त्यातल्या काहींच्या घरी दोन वर्षं, दर आठवड्याला तासभर, आईसोबत बाळाला खेळवायला कार्यकर्ती जात होती. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई घरभेटी न मिळालेल्यांपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त निघाली. खेळ घरातल्याच वस्तूंचे. आपल्याकडे डब्याचं झाकण आणि वाटी-चमचा पुरेल. आशाताई बाळाच्या 3, 6, 9, 12 आणि 15 व्या महिन्यांतही घरी येते, त्या भेटींत बाळाशी बोलणं-खेळणं हा विषय आहेच. सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न: दोन-तीन चमचे मऊ भात-वरण, पातळ पाणी नव्हे, दिवसातून दोन-तीनदा.

'फॉर्म भरते', हे मात्र अर्धं खरं. दारातच वही उघडून बाळाला हात न लावता भेट 'झाली', तर तिचा उपयोग शून्य. पण शहरात अशा भेटींपेक्षा मुळीच न होणाऱ्या भेटी जास्त. नाव नोंदवलं घोडबंदर रोडला, बाळंतपण माहेरी साताऱ्याला, बाळ तीन महिन्यांनी परत. दोन्हीकडच्या याद्यांत ते नाही. खासगी प्रसूतिगृहातली कित्येक बाळंही अशीच निसटतात. उरलेल्यांना गेटवरचा वॉचमन अडवतो.

तेव्हा गरोदरपणाच्या सातव्या महिन्यातच जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात नाव, मोबाईल नंबर आणि माहेरचा पत्ता द्या. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्या, पोचल्यावर तिथल्या आशाताईला कळवा, परतल्यावर इथल्या. आणि वॉचमनच्या रजिस्टरमध्ये फ्लॅट नंबरापुढे 'आशाताईंना सोडणे' असं लिहून ठेवा.