डोरियन म्हणजे नुसतं सी मेजर नाही हो

डोरियन ही पाश्चात्त्य संगीतातली एक स्वरमालिका (स्केल), आणि सी मेजर म्हणजे कीबोर्डवर सी ते सी सगळ्या पांढऱ्या पट्ट्या. ते फॉरवर्ड फिरतंय ना, "डोरियन वेगळं शिकायची गरज नाही, सी मेजरच डी पासून वाजवा, काळ्या पट्ट्या लागतच नाहीत", ते अर्धंच खरंय. डी ते डी सगळ्या पांढऱ्या, बरोबर. पण डी ला सा मानला नाही तर कानाला सी मेजरच ऐकू येणार. म्हणून डाव्या हाताने खालचा डी धरून ठेवा, तानपुऱ्यासारखा, आणि उजव्याने डी पासून १-२-३ (बोटांचे नंबर, अंगठा १, करंगळी ५), मग अंगठा खालून जी वर आणून १-२-३-४-५, सावकाश. आता बी च्या जागी बी फ्लॅट वाजवून बघा, लगेच नॅचरल मायनर, म्हणजे साधी मायनर स्केल, सगळं उदास. परत बी वर या, जरा उजेड येतो. कोमल ग (इथे एफ) ची हुरहूर आणि शुद्ध ध (तोच बी) चा गोडवा, सगळी गंमत तिथेच आहे. डी मायनर आणि जी मेजर कॉर्ड आलटून पालटून वाजवलीत तर अजून कळेल.

आणि काळ्या लागत नाहीत हे फक्त डी पुरतं, सी पासून घेतलंत तर ई फ्लॅट आणि बी फ्लॅट लागणारच.

पेटीवाल्यांसाठी, पांढरी दोनमध्ये (म्हणजे डी ला सा धरून) काफी थाट, स्वर तेच. पण थाट हं, म्हणजे नुसता स्वरांचा संच, राग काफी नाही, रागाला स्वतःचं चलन, म्हणजे स्वरांची चाल, असते.