आतोबांचा रेग्युलेटर

परवा चुलतभावाची हळद होती, देवगड तालुक्यातल्या आमच्या गावी. डीजे मी. म्हणजे लॅपटॉपवर फुकटात मिळणारं 'मिक्स' नावाचं डीजेचं सॉफ्टवेअर, मित्राकडून मागून आणलेला दोन डेकचा कंट्रोलर आणि 'घरचोच पोर, पैसे कसले?' हा एकमताने झालेला ठराव.

मे महिना. झावळ्यांच्या मांडवात वारा म्हणून नाही. आतोबा खुर्ची ओढत आले आणि माझ्या टेबलाला चिकटून बसले, कारण मागे उभा फॅन होता. नॉबांची रांग त्यांनी चष्मा वर करून न्याहाळली.

"झिला, ह्यातलो फॅनचो रेग्युलेटर खयचो?"

"आतोबा, हे आवाजाचे. हा हाय, हा मिड, हा लो."

"लो नको. हायवर ठेव. उकडता."

इथे गप्प बसायला हवं होतं. पण नुकतंच शिकलेल्या माणसाला शिकवायची खाज असते. सांगत सुटलो. लोमध्ये ढोलाचा दणका, मिडमध्ये गाणाऱ्याचा गळा, हायमध्ये झांजांची खळखळ. तिन्ही नॉब बाराच्या काट्यावर असले की गाणं जसंच्या तसं. दोन गाणी जोडताना दोघांचा लो एकदम ठेवला तर नुसता चिखल होतो, म्हणून एकाचा उतरवत दुसऱ्याचा चढवायचा. आतोबा मान डोलवत होते. मला वाटलं, चला, घरात एकाला तरी कळलं.

हेडफोन लावून पुढचं कोळीगीत जुळवायला घेतलं आणि मांडवातला ढोलच गेला. गाणं चालू, पण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं. नाचणारे एक पाय वर करून उभे. लोचा नॉब डावीकडे पार शेवटाला आणि त्यावर आतोबांची दोन बोटं.

"आता कसा बरा वाटता! मघापासून छातीत धडधडत होता."

वाटणारच. पंधरा इंची बेसचा डबा त्यांच्या बरगड्यांपासून हातभर लांब होता.

मी नॉब परत बारावर आणला. त्यांनी परत शून्यावर. मग त्यांना गेन, म्हणजे येणारा आवाजच वाढवायचा नॉब, सापडला. मांडवभर गाणं फाटलं, मीटरवर लाल दिवे पेटले. लाल म्हणजे आवाजाच्या लाटांचे शेंडे छाटले जातायत. आतोबा म्हणाले, "लायटिंग बरी हा."

शिव्या कोणाला? मला. आतोबांना कोण बोलणार? चाळीस वर्षं झाली, तरी ते घरचे जावई! रात्री दहानंतर लाउडस्पीकर वाजवायचा नाही हा कायदा आहे, म्हणून दहाला बंद केला, तर त्याच्याही शिव्या मलाच. वर एक मावशी विचारून गेली, "लॅपटॉपच वाजवता मा, मग तू काय करतंस?" मांडववाल्याला पाकीट, आचाऱ्याला पाकीट. माझ्या हातावर नारळ.

सकाळी वायरी गुंडाळताना कळलं, फॅनचा प्लग रात्रभर जमिनीवर पडून होता. बोर्डात जागा नव्हती म्हणून लॅपटॉपच्या चार्जरसाठी मीच तो काढला होता.

हे अजून घरी कोणाला सांगितलेलं नाही.