असलं ‘मॅचिंग’ कराल तर अ‍ॅम्प जाळाल

काल भाचा टेबलावर तांब्याची तार पसरून ट्रान्सफॉर्मर गुंडाळत बसला होता. कारण काय, तर फिरत आलेला एक मेसेज: ‘अ‍ॅम्प आणि स्पीकरचा इम्पीडन्स सारखा नसेल तर निम्मी ताकद वाया जाते. मध्ये मॅचिंग ट्रान्सफॉर्मर टाका, आवाज दुप्पट होईल. सगळीकडे 600 ओहम ठेवा, नाहीतर सिग्नल केबलमधून परत फिरतो.’ अ‍ॅम्प म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, आणि इम्पीडन्स म्हणजे आवाजाच्या बदलत्या विजेला होणारा एकूण विरोध, तो ओहममध्ये मोजतात.

पहिल्या सल्ल्याने अ‍ॅम्पच जातो, म्हणून आधी तो. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स समजा 0.08 ओहम आहे आणि स्पीकर 8 ओहमचा. दोन्ही ‘सारखे’ करायचे तर 100 पटीचा फरक मिटवायचा. ट्रान्सफॉर्मरमधून दिसणारा इम्पीडन्स दोन्ही बाजूंच्या वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने बदलतो, म्हणजे 1:10 वेढे. भाचा नेमके तेवढेच मोजत होता! आता अ‍ॅम्पला 8 ओहम दिसतच नाहीत, 0.08 दिसतात. 20 व्होल्टला जिथे अडीच अँपिअर जायचे, तिथे मागणी 250 अँपिअरची. हा सरळ शॉर्ट आहे. प्रोटेक्शन नसेल तर आउटपुट ट्रान्झिस्टर गेलेच.

निम्मी ताकद वाया जाते ती उलट दोन्ही बाजू सारख्या असतात तेव्हा. निम्मी उष्णता स्रोतातच होते. 0.08 वर 8 ओहम जोडले की जवळजवळ सगळी ताकद स्पीकरला मिळते. अ‍ॅम्प मुद्दाम तसाच बनवतात.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्या वापरणाऱ्या) आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागतो, हे मान्य. ईएल84 नावाच्या व्हॉल्व्हला सुमारे 5000 ओहमचा लोड (पुढे जोडलेला इम्पीडन्स) हवा असतो, तो 25:1 वेढ्यांनी 8 ओहममधून मिळतो. पण त्या व्हॉल्व्हचा स्वतःचा अंतर्गत रोध सुमारे 38 हजार ओहम. सारखेपणा तिथेही नाही.

600 ओहम ही टेलिफोनच्या लांबलचक लाइनींची देणगी. आज लाइन आउटपुट (एका उपकरणातून दुसऱ्याला सिग्नल देणारा) साधारण शंभर ओहम आणि पुढच्या उपकरणाचा इनपुट 10 हजार किंवा जास्त, असंच जोडतात. केबलमधलं परत फिरणं? ऐकू येणाऱ्या सर्वात उंच स्वराची, म्हणजे 20 किलोहर्ट्झची, तरंगलांबी केबलमध्ये साधारण 10 किलोमीटर भरते. पाच मीटरच्या वायरीत तो प्रश्नच येत नाही.

ऑडिओ ट्रान्सफॉर्मरचे जाणकार अभियंते बिल व्हिटलॉक यांनी ‘हँडबुक फॉर साउंड इंजिनिअर्स’मधल्या ट्रान्सफॉर्मरवरच्या प्रकरणात स्पष्ट लिहिलंय की ट्रान्सफॉर्मरला स्वतःचा इम्पीडन्स नसतो, एका बाजूचा तो दुसऱ्या बाजूला दाखवतो. भाच्याला हेच कोणी सांगितलं नव्हतं.

तार परत रिळावर गेली आहे. मेसेज पाठवणाऱ्याला 250 अँपिअरचं गणित पाठवलंय, आणि त्याने तो आणखी कोणाकोणाला पाठवला ती नावं मागितली आहेत.