लॅगचे मूळ वेगात नाही, रांगेत आहे

‘राउटरमध्ये ट्रॅफिक शेपिंग (डेटा जाण्या-येण्याच्या वेगावर मर्यादा घालणे) सुरू करणे म्हणजे पैसे मोजून घेतलेला वेग आपल्याच हाताने कापणे, लॅग (कॉल किंवा गेममधला विलंब) घालवायचा तर मोठा प्लॅन घ्या, फार तर गेमला प्राधान्य द्या, डाउनलोडवर राउटरचा ताबा नसतोच’, असा सल्ला सर्वत्र फिरत असतो.

मोठ्या प्लॅनचे आधी पाहू. अपलोडचा वेग सेकंदाला 2 मेगाबिट असताना मोडेमच्या बफरमध्ये (डेटा तात्पुरता थांबवण्याच्या जागेत) 250 किलोबाइट डेटा तुंबला, तर तो बाहेर पडायला पूर्ण 1 सेकंद लागतो आणि त्याच्यामागे अडकलेल्या व्हिडिओ कॉलच्या पॅकेटला (डेटाच्या छोट्या तुकड्याला) तोवर थांबावेच लागते. वेग दहापट केल्यास हीच रांग 100 मिलिसेकंदांत सरकेल हे खरे. परंतु फोटोंचा बॅकअप घेणारा फोन वाढलेला वेगही व्यापतो आणि बफर मोठा असल्यास रांग पुन्हा लांबते. या दोषाला ‘बफरब्लोट’ म्हणतात.

वेग कापला जातो, हा आक्षेप मात्र शब्दशः बरोबर आहे, फक्त त्या बदल्यात काय मिळते ते त्यात सांगितलेले नाही. प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या 85 ते 95 टक्क्यांवर मर्यादा ठेवली की रांग मोडेमऐवजी राउटरमध्ये लागते, आणि तेथे ती आवरता येते. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 2012 मध्ये मांडलेली कोडेल ही पद्धत रांगेची लांबी न पाहता पॅकेट किती वेळ थांबले ते पाहते. ही प्रतीक्षा 100 मिलिसेकंदांच्या अवधीत 5 मिलिसेकंदांखाली उतरलीच नाही, तर पाठवणाऱ्याने वेग कमी करावा म्हणून पॅकेट टाकून देऊ लागते. एफक्यू-कोडेल आणि केक या तिच्यावर आधारलेल्या पद्धतींत प्रत्येक प्रवाहाला जवळजवळ स्वतंत्र रांग मिळत असल्याने बॅकअपमुळे कॉल अडत नाही.

म्हणूनच नुसते प्राधान्य पुरत नाही: मर्यादा न घालता गेमला पुढे केले, तर राउटरमध्ये रांगच नसते, मग पुढे काढायचे कोणाच्या?

डाउनलोडबद्दलचे विधान अर्धे खरे आहे. आलेले पॅकेट परत पाठवता येत नाही; पण राउटरने एखादे टाकले की टीसीपी (डेटा पोचल्याची खात्री करत पाठवण्याची पद्धत) वापरणारा पाठवणारा सर्व्हर आपला वेग उतरवतो, त्यामुळे पलीकडची, म्हणजे सेवापुरवठादाराकडची रांगही आटोक्यात येते. अपलोडइतका नेमका परिणाम मात्र येथे अपेक्षू नये.

शेपिंग प्रत्येक ठिकाणी उपयोगी पडत नाही, हेही नमूद केले पाहिजे. दूरच्या सर्व्हरमुळे किंवा क्षीण वायफायमुळे होणारा विलंब त्याने जात नाही. वेगवान जोडणीवर राउटरचा प्रोसेसर दुबळा असल्यास तोच अडथळा ठरतो. आणि हार्डवेअर ऑफलोडिंग (मुख्य प्रोसेसरला वगळून पॅकेट थेट पुढे पाठवण्याची सोय) चालू राहिल्यास पॅकेट शेपरला वळसा घालून निघून जाऊ शकतात. त्यामुळे सेटिंग बदलण्याआधी एकदा जोडणी मोकळी असताना आणि एकदा मोठी फाइल अपलोड होत असताना, केबलने जोडलेल्या संगणकावर पिंग (पॅकेटला सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) मोजावा. दोन्ही आकडे जवळपास सारखेच आले, तर लॅगचे कारण अपलोडच्या रांगेत नाही.